नेव्हिल डिसोझा

नेव्हिल स्टीफन डिसोझा (३ नोव्हेंबर १९३२ – १६ मार्च १९८०) हे भारताचे ऑलिंपिक फुटबॉलपटू होते. गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या आसगाव येथे जन्मलेले आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले डिसोझा मध्य आघाडीवर खेळत. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या स्पर्धेत त्यांनी एकूण चार गोल केले आणि युगोस्लाव्हियाचे टोडोर वेसेलिनोविच व बल्गेरियाचे दिमितर मिलानोव्ह यांच्यासह सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. भारताने या स्पर्धेत चौथा क्रमांक पटकावला. ऑलिंपिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

मेलबर्नच्या वेळी डिसोझा २४ वर्षांचे होते. संयुक्तपणे अव्वल ठरलेल्या तिघांमध्ये तेच वयाने सर्वांत लहान होते. तरीही त्यानंतर ते ऑलिंपिकमध्ये पुन्हा खेळले नाहीत. चार वर्षांनी रोमला गेलेल्या भारतीय संघात त्यांचे नाव नव्हते. भारतीय फुटबॉलच्या तथाकथित सुवर्णयुगातील ज्या खेळाडूंची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अपेक्षेपेक्षा लवकर मावळली, त्यांत डिसोझा यांचे उदाहरण ठळक आहे.

जन्म आणि पार्श्वभूमी

डिसोझा यांचा जन्म एका गोवेकर ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या वेळी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. आसगाव हे उत्तर गोव्यातील म्हापसा आणि शिवोली यांच्या जवळचे गाव. शिवोलीचे नाव गोव्याच्या फुटबॉलच्या इतिहासात आरंभीच येते. विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंनी १८८३ मध्ये तेथे हा खेळ प्रथम आणला असे मानले जाते. पुढे हडफडे येथील सेंट जोसेफ शाळेतून तो शेजारच्या गावांत पसरला. चर्चपुढील मोकळ्या जागेत आणि भातकापणीनंतर रिकाम्या झालेल्या शेतांत फुटबॉल खेळण्याची प्रथा बार्देश तालुक्यात रुजली.

शिक्षण आणि नोकरी यांसाठी गोव्यातून मुंबईला स्थलांतर करण्याची रीत एकोणिसाव्या शतकापासूनच होती. धोबी तलाव, माझगाव, गिरगाव या भागांत गोव्यातील गावागावांच्या कूड नावाच्या सामाईक वसतिस्थानांची उभारणी झाली. गोवेकर तरुणांनी मुंबईत संगीत, स्वयंपाक, जहाजावरील नोकऱ्या आणि कचेऱ्यांतील कारकुनी यांबरोबर हॉकी व फुटबॉल या खेळांतही आपली छाप उमटवली. डिसोझा यांची खेळाडू म्हणून घडण याच मुंबईत झाली. त्यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही फुटबॉलपटू होते.

मुंबईतील कारकीर्द

स्वातंत्र्योत्तर मुंबईचे फुटबॉल कूपरेज मैदानाभोवती फिरत असे. येथे पावसाळ्यात हारवूड लीगचे सामने होत आणि त्यापाठोपाठ रोव्हर्स चषक स्पर्धा भरे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा ही कलकत्त्याची आयएफए शील्ड व दिल्लीचा ड्युरँड चषक यांच्या बरोबरीने देशातील तीन प्रमुख स्पर्धांपैकी एक गणली जाई. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हेच पुढे मेलबर्नला गेलेल्या भारतीय संघाचे प्रशिक्षक होते.

मुंबईच्या संघांचा पाया कलकत्त्यापेक्षा वेगळा होता. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग हे सभासदांच्या आधारावर उभे असलेले क्लब होते आणि त्यांच्यामागे हजारो पाठीराखे असत. मुंबईत मात्र कंपन्या, रेल्वे, बंदर आणि तेलकंपन्या यांच्या संघांचे प्राबल्य होते. चांगल्या खेळाडूला कंपनी नोकरी देई. खेळाडू दिवसा कचेरीत काम करी आणि संध्याकाळी सराव करी. व्यावसायिक फुटबॉल भारतात अस्तित्वातच नव्हते. त्यामुळे खेळाडूच्या दृष्टीने संघ बदलणे म्हणजे बहुधा नोकरी बदलणे असे.

डिसोझा टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि नंतर कॅलटेक्स या तेलकंपनीच्या संघाकडून खेळले. राज्यांच्या संघांसाठी असलेल्या संतोष करंडक स्पर्धेत त्यांनी मुंबईचे प्रतिनिधित्व केले. १९४१ मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेवर बंगालचे वर्चस्व होते. मुंबईने १९५४-५५ च्या मोसमात अंतिम सामन्यात सेनादलाला हरवून या स्पर्धेचे विजेतेपद प्रथमच मिळवले. हा काळ मुंबईच्या फुटबॉलच्या भरभराटीचा होता. मेलबर्नच्या संघात डिसोझा यांच्याबरोबर मुंबईत खेळणारे गोलरक्षक एस. एस. नारायण यांचीही निवड झाली होती.

आंतरराष्ट्रीय प्रवेश

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुसंख्य खेळाडू अनवाणी खेळले होते आणि फ्रान्सकडून १-२ असा निसटता पराभव झाला होता. १९५१ मध्ये दिल्ली येथील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. परंतु १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. या पराभवानंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट घालून खेळणे बंधनकारक केले. डिसोझा हे या बदलानंतर पुढे आलेल्या पिढीचे खेळाडू होते.

१९५२ ते १९५५ या काळात भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन यांच्यात आशियाई चौरंगी स्पर्धा खेळवली गेली. ती अनुक्रमे कोलंबो, रंगून, कलकत्ता आणि ढाका येथे झाली. पहिल्या वर्षी भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले आणि पुढील तिन्ही वर्षी भारताने एकट्याने विजेतेपद मिळवले. डिसोझा यांचा आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधील प्रवेश याच स्पर्धेतून झाला. १९५५ नंतर ही स्पर्धा बंद पडली. त्यामुळे भारतीय खेळाडूंना दरवर्षी हमखास मिळणारे मोजके आंतरराष्ट्रीय सामनेही हातचे गेले.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

पार्श्वभूमी

मेलबर्न ऑलिंपिक २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १९५६ या काळात झाले. अनेक देशांनी माघार घेतल्यामुळे फुटबॉल स्पर्धेत प्रत्यक्षात ११ संघ खेळले. पहिल्या फेरीत भारताची गाठ गतविजेत्या हंगेरीशी पडणार होती. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळाली. ऑस्ट्रेलियाने जपानला २-० असे हरवून ही फेरी गाठली होती.

भारतीय संघाचे कर्णधारपद मोहन बागानचे समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी यांच्याकडे होते. आघाडीच्या फळीत डिसोझा आणि बॅनर्जी यांच्यासह पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, जे. कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू आणि कन्नयन यांचा समावेश होता. रहीम हे हंगेरीच्या संघाच्या खेळाचे अभ्यासक होते. एक आघाडीपटू थोडा मागे ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीला पुढे ओढायचे, लहान पासवर भर द्यायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत मध्य आघाडीपटूने धाव घ्यायची, ही पद्धत त्यांनी भारतीय संघात रुजवली असे मानले जाते. या मांडणीत गोल करण्याची मुख्य जबाबदारी डिसोझा यांच्यावर आली.

ऑस्ट्रेलियाविरुद्धची हॅटट्रिक

हा सामना १ डिसेंबर रोजी ऑलिंपिक पार्क मैदानावर झाला. नवव्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. १७ व्या मिनिटाला ब्रूस मॉरो यांनी बरोबरी साधली. ३३ व्या मिनिटाला डिसोझा यांनी दुसरा गोल केला. ४१ व्या मिनिटाला मॉरो यांनी पुन्हा बरोबरी केल्याने मध्यंतराला गुणफलक २-२ असा होता. मध्यंतरानंतर पाच मिनिटांतच, म्हणजे ५० व्या मिनिटाला, डिसोझा यांनी आपला तिसरा आणि निर्णायक गोल केला. ८० व्या मिनिटाला किट्टू यांनी चौथा गोल करून भारताचा ४-२ असा विजय निश्चित केला. या सामन्यात भारताने तीन वेळा आघाडी घेतली आणि तिन्ही वेळा ती डिसोझा यांच्या गोलाने मिळाली.

या विजयामुळे भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा पहिला आशियाई देश ठरला. हा निकाल केवळ योगायोगाचा नव्हता याची साक्ष ऑलिंपिक संपल्यानंतरच्या सामन्याने दिली. १२ डिसेंबर रोजी सिडनी येथे भारताने ऑस्ट्रेलियाला ७-१ असे हरवले. भारताच्या आंतरराष्ट्रीय इतिहासातील तो सर्वांत मोठ्या विजयांपैकी एक आहे.

युगोस्लाव्हियाविरुद्धचा उपांत्य सामना

४ डिसेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर भारतासमोर युगोस्लाव्हियाचा संघ उभा ठाकला. चार वर्षांपूर्वी याच देशाने भारतावर दहा गोल चढवले होते. शिवाय त्यांनी या स्पर्धेत उपांत्यपूर्व सामन्यात अमेरिकेला ९-१ असे हरवले होते. तरीही मध्यंतरापर्यंत दोन्ही संघांना गोल करता आला नाही. ५२ व्या मिनिटाला डिसोझा यांनी गोल करून भारताला आघाडी मिळवून दिली. ऑलिंपिक उपांत्य सामन्यात भारताने केलेला हा एकमेव गोल होय.

ही आघाडी दोनच मिनिटे टिकली. ५४ व्या मिनिटाला पापेच यांनी बरोबरी साधली आणि ५७ व्या मिनिटाला वेसेलिनोविच यांनी युगोस्लाव्हियाला पुढे नेले. ६५ व्या मिनिटाला पापेच यांनी आणखी एक गोल केला. ७८ व्या मिनिटाला अब्दुस सलाम यांच्या पायाला लागून चेंडू भारताच्याच जाळ्यात गेला आणि सामना ४-१ असा संपला. हेलसिंकीच्या तुलनेत हा पराभव फार वेगळ्या स्वरूपाचा होता. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला सोव्हिएत संघाकडून केवळ एका गोलाने हार पत्करावी लागली.

कांस्यपदकाचा सामना

७ डिसेंबर रोजी तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने भारताला ३-० असे हरवले. भारताचे पदक हुकले आणि डिसोझा यांच्या गोलांची संख्या चारवर थांबली.

सर्वाधिक गोलांच्या यादीत डिसोझा यांच्या बरोबरीला आलेल्या दोघांनीही आपला चौथा गोल भारताविरुद्धच केला. वेसेलिनोविच यांनी अमेरिकेविरुद्ध तीन आणि भारताविरुद्ध एक गोल केला, तर मिलानोव्ह यांनी ग्रेट ब्रिटनविरुद्ध तीन आणि भारताविरुद्ध एक. स्पर्धेत भारताने केलेल्या एकूण पाच गोलांपैकी चार डिसोझा यांचे होते.

मेलबर्ननंतर

मेलबर्नहून परतल्यावर डिसोझा मुंबईच्या फुटबॉलमध्ये खेळत राहिले. १९५८ मध्ये कॅलटेक्सने रोव्हर्स चषक जिंकला. बाहेरच्या बलाढ्य संघांनी गाजवलेल्या या स्पर्धेत मुंबईतील एका कंपनीच्या संघाने मिळवलेले हे यश स्थानिक फुटबॉलच्या दृष्टीने मोठे होते.

राष्ट्रीय संघात मात्र पिढी बदलत होती. मेलबर्नच्या वेळी जेमतेम विशीत असलेले पी. के. बॅनर्जी आणि बलराम यांनी आपली जागा पक्की केली. १९५८ च्या तोक्यो आशियाई क्रीडास्पर्धेत चुनी गोस्वामी यांचे पदार्पण झाले. पुढील काही वर्षे भारताच्या आक्रमणाची ओळख या तिघांच्या नावाने होऊ लागली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताने हंगेरी आणि पेरूकडून हार पत्करली व फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली. मागील ऑलिंपिकचे अव्वल गोलकर्ते डिसोझा या संघात नव्हते. त्या वेळी त्यांचे वय २७ होते. आघाडीपटूच्या बहराची वर्षे सामान्यतः याच वयात मोजली जातात. १९६२ मध्ये जकार्ता येथे दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवणारा संघही नव्या पिढीचा होता.

अल्पकाळ टिकलेल्या बहराची कारणे

डिसोझा यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द मेलबर्नच्या शिखरानंतर बहरली नाही, याचा विचार त्या काळच्या भारतीय फुटबॉलची रचना लक्षात घेऊनच करावा लागतो. त्यांच्या पिढीतील अनेक खेळाडूंच्या वाट्याला कमीअधिक प्रमाणात हीच परिस्थिती आली.

आंतरराष्ट्रीय सामन्यांची वानवा हा त्यातील पहिला घटक होता. चौरंगी स्पर्धा बंद पडल्यावर भारतीय संघ प्रामुख्याने ऑलिंपिक आणि आशियाई क्रीडास्पर्धा यांच्या निमित्ताने एकत्र येई. एका मोठ्या स्पर्धेपासून दुसऱ्या मोठ्या स्पर्धेपर्यंत खेळाडूचा फॉर्म टिकेल की नाही, हे बव्हंशी स्थानिक सामन्यांवर अवलंबून असे.

दुसरा घटक विश्वचषकाचा. भारत १९५० च्या विश्वचषकासाठी पात्र ठरूनही ब्राझीलला गेला नाही. त्यानंतर भारताने विश्वचषकाचा पात्रता सामना प्रथम खेळला तो १९८५ मध्ये, म्हणजे डिसोझा यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी. मेलबर्नमध्ये चार गोल करणाऱ्या खेळाडूसाठी १९५८ च्या विश्वचषकाचे दार मुळातच बंद होते. वेसेलिनोविच यांच्या बाबतीत तसे घडले नाही. ते १९५८ मध्ये स्वीडनला युगोस्लाव्हियाकडून विश्वचषकात खेळले, तेथेही त्यांनी गोल केले आणि पुढे तुर्कस्तानात फेनरबाचे संघाचे यशस्वी प्रशिक्षक म्हणून नाव मिळवले. मिलानोव्ह यांनी सोफियातील सैन्यदलाच्या संघातून बल्गेरियन लीगची अनेक विजेतेपदे मिळवली. पूर्व युरोपातील देशांत खेळाडू नावापुरते हौशी असत आणि राज्यसंस्था त्यांचा पूर्णवेळ सराव चालवी. भारतीय खेळाडू मात्र खऱ्या अर्थाने हौशी होते.

तिसरा घटक देशांतर्गत खेळाच्या स्वरूपाचा. त्या काळी भारतातील बहुतेक स्पर्धांचे सामने आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ९० मिनिटांचे नसत. ते त्याहून कमी वेळाचे असत. मोसमाचा मोठा भाग पावसाळ्यात येई आणि चिखलाने भरलेल्या मैदानांवर खेळावे लागे. दुखापतींवर शास्त्रशुद्ध उपचार, आहाराचे मार्गदर्शन किंवा वर्षभर चालणारे सराव शिबिर या गोष्टी दुर्मीळ होत्या. खेळाडूंच्या कारकिर्दी तिशीच्या आतबाहेर संपणे हे अपवादात्मक नव्हते.

चौथा घटक भौगोलिक होता. वृत्तपत्रांचे लक्ष, प्रेक्षकांची गर्दी आणि निवडीच्या चर्चा यांचे केंद्र कलकत्ता हे होते. प्रशिक्षक रहीम यांच्यामुळे हैदराबादच्या खेळाडूंनाही राष्ट्रीय संघात भक्कम स्थान मिळाले. मुंबईत क्रिकेट आणि हॉकी यांच्या छायेत फुटबॉल दुय्यम राहिला. येथील खेळाडूला राष्ट्रीय संघातले स्थान टिकवण्यासाठी मोजक्या सामन्यांतूनच आपली योग्यता सिद्ध करावी लागे.

या सर्वांबरोबर स्पर्धा हाही एक घटक मानला पाहिजे. डिसोझा यांच्या जागेवर आलेली पिढी भारतीय फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत गुणवान पिढ्यांपैकी होती. त्यांचे मागे पडणे हे केवळ उपेक्षेचे फळ होते असे म्हणणे त्या नव्या खेळाडूंवर अन्याय करणारे ठरेल. खरी उणीव वेगळ्या ठिकाणी होती. २४ व्या वर्षी जागतिक पातळीवर सिद्ध झालेल्या खेळाडूला राष्ट्रीय संघाबाहेर तेवढ्याच उंचीचे व्यासपीठ उपलब्ध नव्हते. संघातील जागा गेली की त्याच्यासाठी उरे ती नोकरी आणि तिच्या सोबतीने चालणारा स्थानिक खेळ.

गोवा आणि डिसोझा

डिसोझा यांनी मेलबर्नमध्ये भारतासाठी गोल केले त्या वेळी त्यांचे जन्मगाव भारतात नव्हते. ऑगस्ट १९५५ मधील गोवा मुक्ती सत्याग्रहावर पोर्तुगीजांनी गोळीबार केल्यानंतर भारताने गोव्याची सीमा बंद करून आर्थिक निर्बंध लादले होते. मुंबईतील गोवेकरांची आपल्या गावांपासून ताटातूट झाली होती. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. त्यानंतर गोव्याचे फुटबॉल भारताच्या मुख्य प्रवाहात आले आणि काही दशकांत साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स यांसारख्या संघांमुळे गोवा देशातील फुटबॉलचे एक मोठे केंद्र बनला. डिसोझा यांची कारकीर्द या घडामोडींच्या आधीची आहे. मुंबईमार्गे भारतीय संघात पोहोचलेल्या गोवेकर खेळाडूंच्या आधीच्या पिढीचे ते सर्वांत यशस्वी प्रतिनिधी ठरतात.

निधन

नेव्हिल डिसोझा यांचे १६ मार्च १९८० रोजी वयाच्या ४७ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या ऑलिंपिक हॅटट्रिकला त्या वेळी २३ वर्षांहून थोडा अधिक काळ लोटला होता.

सन्मान आणि स्मृती

केंद्र सरकारने १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू केला. फुटबॉलसाठी पहिला पुरस्कार पी. के. बॅनर्जी यांना, दुसरा बलराम यांना आणि तिसरा चुनी गोस्वामी यांना मिळाला. डिसोझा यांना हा पुरस्कार मिळाला नाही. पुरस्कारांची पद्धत सुरू झाली तेव्हा त्यांचा आंतरराष्ट्रीय काळ मागे पडला होता.

डिसोझा यांच्यानंतर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये सर्वाधिक गोल करण्याचा मान मिळवणारे आशियाई खेळाडू म्हणजे जपानचे कुनिशिगे कामामोतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये त्यांनी सात गोल केले आणि जपानने कांस्यपदक जिंकले. भारत १९६० नंतर ऑलिंपिक फुटबॉलसाठी पात्र ठरलेला नाही. त्यामुळे ऑलिंपिकमध्ये भारतासाठी हॅटट्रिक करणारे डिसोझा हे एकमेव फुटबॉलपटू राहिले आहेत.

प्रशिक्षक रहीम यांच्या जीवनावर आधारित ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात १९५२ ते १९६२ या दशकातील भारतीय संघाची वाटचाल दाखवली असून त्यानिमित्ताने मेलबर्नच्या संघातील खेळाडूंची नावे नव्या पिढीपर्यंत पोहोचली.

ऑलिंपिक कामगिरीचा गोषवारा

• १ डिसेंबर १९५६, उपांत्यपूर्व सामना: भारत ४ – ऑस्ट्रेलिया २. डिसोझा यांचे गोल: ९ वे, ३३ वे आणि ५० वे मिनिट.

• ४ डिसेंबर १९५६, उपांत्य सामना: भारत १ – युगोस्लाव्हिया ४. डिसोझा यांचा गोल: ५२ वे मिनिट.

• ७ डिसेंबर १९५६, तिसऱ्या क्रमांकाचा सामना: भारत ० – बल्गेरिया ३.

• स्पर्धेतील एकूण गोल: डिसोझा ४, भारत ५. भारताचा अंतिम क्रमांक: चौथा.